एक घास गरम, एक घास गार

भाताच्या गिरणीत त्याला सगळे ‘आरसा’ म्हणत. त्याच्या हाताखालून निघालेल्या तांदळात तोंड बघून भांग पाडावा, अशी त्याची ख्याती होती. तूस काढायचं, मग कोंडा काढायचा, मग दाण्याला असं घासायचं की त्याने मोत्याशी भांडायला उभं राहावं. हे त्याने सव्वीस वर्षं केलं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तसं मालकाने त्याला यंत्रावरून उतरवून चाचणीच्या खोलीत बसवलं. चाचणी म्हणजे नेमकं काय, हे त्याच्या बायकोने कधी विचारलं नव्हतं. चष्मा लावून दाणे निवडत असेल, अशी तिची समजूत होती.

बायको घरीच शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, आणि मापांची जाडजूड वही. त्या वहीत अर्ध्या गल्लीचं अंग लिहून ठेवलेलं होतं. कोण दर वर्षी अर्ध्या इंचाने पसरतंय, कोणाच्या बाह्या दुखण्यानंतर सैल झाल्या, सगळं तिला पाठ. गिऱ्हाइकांच्या दोन जाती असतात, असं ती म्हणायची: ‘मागचंच माप घ्या’ म्हणणारी, आणि टेप कमरेला लागला की पोट आत ओढणारी. पहिल्या जातीशी ती भांडायची. दुसऱ्या जातीसाठी तिचं एकच औषध होतं. टेप धरून गप्प उभं राहायचं. श्वास कोंडून कोण किती वेळ उभा राहणार?

पान सत्तावीस नवऱ्याचं होतं. लग्नातली विजार तीस. आता बेचाळीस.

छातीत स्टेंट बसवून अकरा महिने झाले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोघांच्या मध्ये ठेवला. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ, सातच्या आत हवी असताना.

“एक वाहिनी आपण उघडली,” त्या म्हणाल्या. “दुसरी साठ टक्के बुजलेली आहे. साखर आणि वजन असंच राहिलं तर ती वाट बघणार नाही. भात सोडा म्हणू का?”

“म्हणून बघा,” बायको म्हणाली.

नवरा खुर्चीच्या दांड्याकडे बघत होता. भात सोडा, हे त्याला जीभ काढून ठेवा म्हटल्यासारखं ऐकू आलं असावं.

डॉक्टरीणबाई हसल्या. “बरं, सोडू नका. बदला. लाल तांदूळ घ्या, नाहीतर काळा. त्याचा रंग वरच्या कोंड्यात असतो, आणि त्या कोंड्यातच चोथा असतो. पांढऱ्यापेक्षा साखर जरा सावकाश चढते, पोट भरल्यासारखं राहतं. हे औषध नव्हे हं. गोळ्या चालूच. आणि वाटेल तेवढा खायचा नाही. कच्चा पन्नास ग्रॅम दुपारी, पन्नास रात्री. तीन महिन्यांनी भेटू.”

बायकोने वहीच्या सत्तावीस नंबरच्या पानावर लिहिलं: लाल, पन्नास, पन्नास. तिला बरं वाटलं. मोजता येईल असं काहीतरी हातात आलं होतं.

तांदूळ आणायला ती निघाली, तर नवरा आडवा आला.

“तू दुकानातून तांदूळ आणणार? माझ्या घरात? गिरणीत कळलं तर पोरं माझी वरात काढतील.”

“मग लाल मिळतो का तुमच्याकडे?”

“मिळतो का म्हणजे! थोडी लाल साळ येते. आणतो की मी.”

दुसऱ्या संध्याकाळी त्याने पाच किलोची पिशवी आणून ओट्यावर ठेवली. तांदूळ हलका गुलाबी होता, धुवून विटलेल्या कापडासारखा. तिने आयुष्यात कधी लाल तांदूळ शिजवला नव्हता. मऊ झाला, चटकन झाला. नवरा मिटक्या मारत जेवला.

“एवढं काही वाईट नाही हे दुखणं,” तो म्हणाला.

तीन महिने तिने काट्यावर तोलून भात शिजवला. डब्यात तोच, रात्री तोच. शेजारणींना सांगितलं, नणंदेला फोनवर पढवलं, गिऱ्हाइकांनाही ब्लाउजच्या मापाबरोबर लाल तांदळाचा सल्ला फुकट दिला. मग रिपोर्ट आला. नऊ पूर्णांक एक.

डॉक्टरीणबाईंनी नुसतं बायकोकडे पाहिलं. ते पाहणं तिला ओळखीचं होतं. झोल आलेली बाही तिने तशीच परत दिली, म्हणजे गिऱ्हाईक असंच बघतं.

त्याच आठवड्यात नणंद आली. वहिनीचं ऐकून तिनेही लाल तांदूळ सुरू केला होता. जेवायला बसली आणि पानाकडे बघतच राहिली.

“वहिनी, तुझा भात एवढा गोरापान कसा गं?”

“लालच आहे तो.”

“हा लाल? मग माझा काय, वीट शिजवलेली आहे? तास तास शिजतो मेला. चावता चावता कालची भांडणं आठवतात.”

नणंदेने दुसऱ्या दिवशी आपला मूठभर तांदूळ कागदाच्या पुडीत बांधून आणला. कापायच्या टेबलावर पांढरं अस्तर पसरून दोघींनी दोन ढीग शेजारी शेजारी ओतले. एक गडद, मातकट लाल. दुसरा म्हणजे लाल रंगाची नुसती आठवण. बायकोने नखाने दाणा खरवडला. गुलाबी रेघ गेली, खाली नेहमीचा पांढरा.

संध्याकाळी नवरा दारात चपला काढतोय तोवर तिने अस्तरासकट दोन्ही ढीग त्याच्यासमोर धरले.

“हे काय आहे?”

त्याने एक दाणा उचलला, उजेडात धरला. लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. “हा आपला. एकच फेरी दिली गं, हलक्या हाताने. यंत्राच्या दाबाचं वजनसुद्धा दोन खाचा मागे घेऊन. बघ, एक दाणा तुटलाय का?”

“अहो, तुम्ही तो घासलात!”

“मग? तसाच आणू? कोंड्याला तेल असतं. दोन-चार महिन्यांत खवट होतो, कीड लागते. अर्धवट माल आहे तो.”

“डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, जे काही आहे ते त्या कोंड्यात आहे!”

“मी काढलाच कुठे सगळा? थोडा ठेवला की.”

त्याने तिच्या मशीनकडे बोट दाखवलं.

“तू कापडाच्या कडा मोकळ्या सोडून देशील का गिऱ्हाइकाला? डॉक्टरने सांगितलं म्हणून?”

तिने सोडल्या नसत्या. एकाच घरात दोन कारागीर असले की असं होतं. रागवायचं ठरवलं तरी समोरच्याचं काम समजतं.

पण आता तिने सूत्रं हातात घेतली. नणंद घ्यायची त्या दुकानातून विटेसारखा लाल तांदूळ आला, गिरणीत वरात निघो नाहीतर मिरवणूक. सकाळी भिजत घालायचा, पाऊण तास शिजवायचा. पहिल्या रात्री नवऱ्याने एक घास तोंडात घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

“कसा आहे?” तिने विचारलं.

“थांब. अजून ओळख चाललीय.” मग म्हणाला, “हा तांदूळ कोट घालूनच जेवायला बसलाय गं.”

“चावा. बत्तीस वेळा.”

“बत्तीस दात असते तर चावला असता.”

पण तो खायचा. ही गोष्ट त्याच्या बाजूला मांडली पाहिजे. तोंड वाकडं करून, जबड्याला हात लावून, पण पानात दाणा ठेवायचा नाही. डबा घासून पुसून परत यायचा. गोड नाही, तळलेलं नाही, चहा बिनसाखरेचा. तिला बारीकशी शंका होती म्हणून तिने धुवायच्या आधी त्याचे खिसे उलटे केले, शर्ट हुंगले. बिस्किटाचा चुरा नाही, कागद नाही. शर्टांना तेवढा शिजल्या भाताचा वास यायचा. गिरणीतला माणूस, त्याला काय अत्तराचा वास येणार?

दर रविवारी ती टेप घ्यायची. बेचाळीस. बेचाळीस. सव्वाबेचाळीस. बेचाळीस.

तीन महिन्यांनी रिपोर्ट: आठ पूर्णांक नऊ.

“कमी झाली!” नवरा म्हणाला.

“एवढं तर तपासणीचं मशीन बदललं तरी होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. “जिने चढताना दम लागतो म्हणता. मला हे चित्र आवडत नाहीये. दुपारी काय खाता?”

“डबा. लाल.”

“मधल्या वेळी?”

“काही नाही.” त्याने गळ्याची कातडी चिमटीत धरली. “शपथ घेतो. बायकोला विचारा.”

“मी घरी असते,” बायको म्हणाली, आणि आपण हे असं का म्हटलं ते तिला कळलं नाही.

एका मंगळवारी तो डबा टेबलावर विसरून गेला. साडेअकराला ती डबा घेऊन गिरणीत गेली. पहाऱ्यावरच्या माणसाने मागच्या बाजूची खोली दाखवली. सगळीकडे कोंड्याची बारीक धूळ होती, जिन्याच्या कठड्यावरसुद्धा. खोलीला काचेची खिडकी होती. ती तिथेच थांबली.

आत लांब टेबल. त्यावर बारा स्टीलच्या वाट्या ओळीने, प्रत्येकीपुढे नंबराची चिठ्ठी. भिंतीकडे छोट्या शेगड्या, त्यांच्यापाशी शिजवणारी बाई. आणि टेबलाच्या टोकाला तिचा नवरा, डोक्याला पांढरी टोपी, डोळे मिटलेले. त्याने पहिल्या वाटीतून बोटांनी भात उचलला, अंगठ्याने दाबला, हुंगला, आणि तोंडात टाकला. चावला. गिळला. चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. पाण्याचा घोट. दुसरी वाटी.

तिने मोजायचं ठरवलं नव्हतं. पण आयुष्यभर टाके मोजलेल्या बाईला हलणारी वस्तू दिसली की आकडा आपोआप सुरू होतो. बाराव्या वाटीशी बारा झाले. तिला वाटलं, संपलं. तो उठला, टेबलाला वळसा घालून पहिल्या वाटीपाशी आला, आणि पुन्हा सुरुवात केली.

शिजवणाऱ्या बाईने तिला पाहिलं. “या ना काकू! बाहेर का?”

“हे परत का घेतायत?”

“गार झाल्यावर वेगळा लागतो ना. काका म्हणतात, गरम असताना सगळेच भात गोड बोलतात, गार झाल्यावर खरं बोलतात. एक घास गरम, एक घास गार.” बाई कौतुकाने सांगत होती. “आज माल कमी आहे. हंगामात यायला हवं तुम्ही. वीस वीस वाट्या असतात.”

“आणि ते गिळतात?”

बाईला प्रश्नच कळला नाही. “म्हणजे? भात आहे तो.”

तेवढ्यात नवऱ्याने डोळे उघडले. बायकोला बघून त्याचा चेहरा उजळला.

“अगं, डबा आणलास? बरं झालं. भूक लागली होती.”

संध्याकाळी ती भांडली नाही. तिने काटा टेबलावर ठेवला, पांढरा भात शिजवून वाटीत घेतला, आणि म्हणाली, “गिरणीत घेता तसा एक घास घ्या. तोंडात नको. इथे ठेवा.”

त्याने ठेवला. वीस ग्रॅम.

“बारा वाट्या. दोन-दोन घास. चोवीस विसे चारशे ऐंशी. मी तुम्हाला दुपारी दीडशे वाढते, शिजलेला. रात्री दीडशे. तो पाऊण तास शिजवते. आणि तुम्ही तिकडे पावणेपाचशे पांढरा खाता?”

तो खरोखर चकित झाला होता. खोटं बोलणारा माणूस इतका चकित होत नाही.

“पण ते खाणं नाही गं,” तो म्हणाला. “ते काम आहे. तू दिवसभर दुसऱ्यांचे ब्लाउज शिवतेस. ते काय तू घालतेस?”

“मी ते गिळत नाही!”

“मी पोट भरायला खातो का? लक्ष जिभेवर असतं. पोटात जातं ते... जातं आपलं.”

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. “थुंकून टाकायला सांगा. चहा पारखणारे थुंकतात. चव कळली की झालं.”

“थुंकू?” नवरा म्हणाला. “शिजलेला भात?”

“चहावाले थुंकतात,” बायको म्हणाली.

“चहा पाणी आहे. पाणी कोणीही थुंकेल.” तो खुर्चीत बसला. “मला ज्याने शिकवलं तो म्हातारा पहिल्या दिवशी काय म्हणाला ठाऊक आहे? ज्या भाताने तुझं पोट भरू नये असं तुला वाटतं, त्यावर लोकांसाठी सही करू नको. मी सही करतो तिथे. वाटी पुढे ढकलून, थुंकून, सही करू?”

“मग मालकांना सांगते. दुसरं काम देतील.”

“सांग. दारावर बसवतील. गाड्यांचे नंबर लिहीन. जीभ घरी ठेवून जात जाईन, तुझ्या टाचण्यांच्या डबीत.”

तिने मालकांना सांगितलं नाही. चाचणीच्या खोलीत डोळे मिटून बसलेला तो चेहरा तिने पाहिला होता. घरी तिने तो बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी त्यांनी सराव केला. पांढऱ्या भाताची वाटी, आणि शेजारी रिकामी वाटी, थुंकायची. त्याने घास घेतला, चावला, डोळे मिटले.

“आठ महिन्यांचा जुना. जरा जास्त घासलाय.”

“कळलं ना? आता थुंका.”

तो वाटीवर वाकला. गाल फुगलेले, मान पुढे. घसा हलला. मान वर आली तेव्हा तोंड रिकामं होतं आणि वाटीही.

“चुकून गेला,” तो म्हणाला.

“पुन्हा.”

पुन्हा चुकून गेला. तिसऱ्या वेळी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, लहान मुलाला उलटी करवताना ठेवतात तसा. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो वाकून राहिला, राहिला, आणि मग तिला हाताखाली त्याची पाठ सैल पडलेली कळली. गिळला होता.

चौथ्यांदा जमलं. वाटीत पांढरा गोळा पडला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. त्याने वाटी उचलली, मोरीपाशी गेला, स्वतः धुतली, पालथी घातली.

“जमतंय की,” ती म्हणाली.

“हं.”

सोमवारपासून ती डब्याच्या पिशवीत ती वाटी घालू लागली. तिच्यावर झाकण, झाकणाखाली घडी केलेला कागद, आणि तोंड पुसायला तिने मुद्दाम शिवलेले चार रुमाल, कडा दुमडलेले. संध्याकाळी पिशवी परत यायची.

“वापरली?” ती विचारायची.

“वापरली.”

पहिल्या दिवशी तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी रुमाल मोजले. चारही तिने घातलेल्याच घडीत होते. तिसऱ्या दिवशी वाटीत बोट फिरवलं. कोरडी. कागदाच्या घडीवर तिने शिलाईचा एक बारीक पांढरा दोरा आडवा ठेवला होता. गिऱ्हाइकाने कपडा परस्पर उसवला का, हे ती असंच ओळखायची. दोरा जागच्या जागी होता.

“वापरली?” चौथ्या दिवशी तिने विचारलं.

“हो गं. आता सवय होतेय.” तो जिना चढून आला होता आणि दाराची चौकट धरून उभा होता. बोलायच्या आधी त्याला थांबावं लागलं. “काय शिजवलंयस? लालच ना? वाढ. तू वाढशील तेवढा खातो.”

ती वाढत राहिली. दुसरं काय तिच्या हातात होतं? पन्नास ग्रॅम तोलायचे, भिजत घालायचे, पाऊण तास शिजवायचे. तो खायचा, पान लखलखीत करायचा, वर म्हणायचा, “आता हा कोट काढायला लागलाय हळूहळू.” तिला हसू यायचं, आणि हसू येतं याचा राग यायचा.

रविवारी तिने टेप घेतला. त्याने न सांगता दोन्ही हात बाजूला उचलले. तिने टेप कमरेभोवती आणून पुढे जुळवला. एकेचाळीस.

पोट आत ओढलेलं होतं. तिच्या बोटांना ते लगेच कळलं.

“श्वास सोडा,” ती म्हणाली.

“सोडलाय.”

तिने टेप धरून ठेवला आणि गप्प उभी राहिली. इतकी वर्षं गिऱ्हाइकांपुढे राहायची तशी. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. कपाळावर घामाचे थेंब आले. कान लाल झाले. मशीनच्या डब्यावरचं घड्याळ टिकटिकत होतं. तिच्या मनात आलं, म्हणावं, राहू द्या हो, एकेचाळीसच लिहिते. पण तिने टेप तसाच धरून ठेवला.

मग त्याचा श्वास सुटला, एकदम, मोठ्याने. टेप तिच्या बोटांतून सरकायला लागला. तिने तो ओढून धरला नाही. एकेचाळीस गेले, बेचाळीस गेले, आणि अर्ध्या इंचाच्या रेघेवर येऊन तो थांबला.

“किती?” त्याने विचारलं.

ती वहीचं पान उघडत होती.